जुन्या फोटोतली गंमत: माणसांनी केलेली आणि कॅमेऱ्याने घडवलेली

आमच्या घरी एक फोटो आहे. महाबळेश्वर, १९६०च्या दशकातली मे महिन्याची सुट्टी, उतरतं ऊन. चार माणसं ओळीत उभी आहेत: दोन नऊवारी, एक सहावारी, एक पांढरी पँट. चपला स्पष्ट, साड्यांचे काठ स्पष्ट, मिटून हातात धरलेली छत्रीसुद्धा स्पष्ट. फक्त डोकी नाहीत. चौघंही मानेपासून वर कापलेली. फोटो काढला होता माझ्या काकांनी, म्हणजे अण्णांनी. त्या एका फोटोवरून घरातल्या प्रत्येक लग्नाला आणि बारशाला त्यांना चिडवलं गेलं. "कॅमेरा काकांच्या हातात देऊ नका रे!" काका हसायचे, पण त्यांनी पुन्हा कधी कॅमेरा हातात घेतला नाही.

जुने फोटो कसे निघायचे याबद्दल मी वाचायला लागले ती या फोटोमुळे. वाचता वाचता लक्षात आलं की जुन्या फोटोत आपल्याला जे गमतीदार दिसतं ते दोन प्रकारचं असतं. काही गंमत माणसांनी जाणूनबुजून, पुष्कळ खटपट करून केलेली असते. काही गंमत मात्र कुणाच्याही मनात नसताना काच, रसायन, प्रकाश आणि झडप (शटर) यांनी मिळून घडवलेली असते. बघताना दोन्ही सारख्याच वाटतात. पण यंत्राने केलेल्या गोष्टीसाठी आपण माणसांना हसतो, आणि माणसांनी हौसेने केलेले विनोद आपल्या लक्षातच येत नाहीत. मला ही दोन्ही नुकसानं सारखीच लागतात.

रिकामा रस्ता आणि एक मळका बूट

सुरुवात वेळेपासून करावी लागते, कारण बहुतेक गमतींचं मूळ तिथे आहे. आज फोन सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो टिपतो. १८३८ साली लुई दागेर या फ्रेंच संशोधकाने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु टॉम्प्ल या रस्त्याचा वरच्या खिडकीतून फोटो घेतला, तेव्हा त्याला काही मिनिटं लागली. कॅमेऱ्यात चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा होता. पागोळीखाली भांडं ठेवावं आणि ते थेंबाथेंबाने भरावं, तसा तो पत्रा प्रकाशाने हळूहळू 'भरायचा'. जी वस्तू तेवढा वेळ जागेवर राहिली तिचाच प्रकाश साठायचा. चालणारा माणूस एका जागी क्षणभरच असतो, त्यामुळे त्याची खूण उमटण्याइतका प्रकाश जमतच नाही.

म्हणून घोडागाड्यांनी आणि माणसांनी भरलेला तो रस्ता फोटोत सुनसान दिसतो. खाली डाव्या बाजूला मात्र एक आकृती आहे, एक पाय जरासा उचलून ठेवलेली. तो माणूस बूट पॉलिश करून घेत होता. फोटोत उमटलेला पहिला ओळखू येणारा माणूस बहुधा तोच. त्याचे बूट त्या दिवशी मळलेले नसते, तर तोही बाकीच्यांसारखा रस्त्यातून पुसला गेला असता.

पुढच्याच वर्षी, १८३९मध्ये, फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट कॉर्नेलियस यांनी स्वतःचा फोटो घेतला. केस विस्कटलेले, हाताची घडी, नजर तिरकी, आणि माणूस मधोमध नसून एका बाजूला सरकलेला. बघितलं की आजच्या एखाद्या तरुणाचा सेल्फी वाटतो. पण ही तिरकी ऐट मुद्दाम आणलेली नाही. कॅमेऱ्यामागे दुसरं कुणी नव्हतं. झाकण काढायचं, पळत पुढे जायचं आणि अंदाजाने उभं राहायचं. आपण चौकटीत नेमके कुठे येतोय हे कॉर्नेलियसना दिसण्याचा काही मार्गच नव्हता.

कुणी हसत का नाही?

जुन्या फोटोतली माणसं नेहमी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसतात. एक करून बघा: घड्याळ लावा आणि वीस सेकंद हसू तसंच धरून ठेवा. दहाव्या सेकंदाला गाल थरथरायला लागतात, पंधराव्याला ते हसू राहतच नाही, दात विचकल्यासारखं होतं. १८४०च्या दशकात स्टुडिओत बसणाऱ्या माणसाला एवढा वेळ, कधी त्याहूनही जास्त, स्थिर बसावं लागे. गंभीर चेहरा धरून ठेवणं सगळ्यांत सोपं.

डोकं हलू नये म्हणून मागे एक लोखंडी स्टँड असायचा आणि त्याचा चिमटा मानेला टेकवलेला असायचा. नीट बघितलंत तर बऱ्याच फोटोंत माणसाच्या बुटांमागे त्या स्टँडचे पाय दिसतात. दोन पायांचा माणूस पाच पायांवर उभा! या पायांवरून एक भयंकर गैरसमज मोबाइलवर फिरत असतो: स्टँड दिसला म्हणजे तो माणूस मेलेला आहे आणि प्रेत उभं करून फोटो काढलाय. हे खरं नाही. माणसाचं सगळं वजन पेलण्याची ताकद त्या स्टँडमध्ये नव्हतीच. मेलेल्यांचे फोटो तेव्हा काढत, पण त्यांना निजवून किंवा खुर्चीत टेकवून. मागे स्टँड असेल तर पुढचा माणूस जिवंत होता, आणि बहुतेक त्याची मान अवघडलेली होती.

मोठ्यांना स्टँड लावता येतो, तान्ह्या बाळाला कसा लावणार? ते आईच्या मांडीवरच शांत राहणार. पण फोटो तर एकट्या बाळाचा हवा. मग आईच्या अंगावर चादर टाकायची. व्हिक्टोरियन काळातले असे कितीतरी फोटो आहेत, ज्यांत बाळ ऐटीत बसलंय आणि मागे खुर्चीऐवजी चादर पांघरलेला एक माणसाएवढा डोंगर आहे. कधी चादरीतून बाळाला धरलेला हात बाहेर आलेला असतो. आज ते भूत वाटतं. तेव्हा बघणाऱ्याला ते खटकत नसे, कारण फोटोवर कार्डबोर्डची अंडाकृती चौकट बसली की कडेचं सगळं झाकलं जाणार हे ठाऊक असे. चौकट पुढे कुठेतरी निघून पडली आणि चादरीतली आई उघडी पडली.

डोळ्यांचीही तीच तऱ्हा. १८५२च्या जानेवारीत विल्यम किलबर्न यांनी राणी व्हिक्टोरिया आणि मुलांचा फोटो घेतला. नेमके राणीचे डोळे मिटले गेले. फोटो धातूच्या पत्र्यावर होता, त्याची दुसरी प्रत नाही. राणीने त्या पत्र्यावरचा स्वतःचा चेहरा खरवडून टाकला आणि मुलं तशीच ठेवली. तो पत्रा आजही जपलेला आहे. 'माझा फोटो चांगला आलेला नाही, तो काढून टाक' हे वाक्य आपण घरच्या ग्रुपवर दिवसाआड लिहितो. राणीला त्यासाठी टोकदार काहीतरी हातात घ्यावं लागलं.

मात्र सगळा दोष वेळेवर टाकणंही बरोबर नाही. १८५१नंतर पत्र्याऐवजी रसायनाचा ओला थर दिलेल्या काचेची, म्हणजे प्लेटची, पद्धत आली आणि वेळ काही सेकंदांवर आला, तरी पुढची पन्नास वर्षं लोक हसले नाहीत. कारण फोटोने चित्राची जागा घेतली होती, आणि चित्रात प्रतिष्ठित माणूस दात दाखवत नसे. आपल्याकडेही तसंच झालं. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजींसारखे लोक हौसेने या कलेत शिरले, १८९६मध्ये राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ काढला. पण साध्या घरात फोटो म्हणजे आयुष्यातून एकदोनदा घडणारी गोष्ट. लग्न झालं की एक, म्हातारपणी एक. हा दुसरा फोटो कशासाठी काढतोय हे सगळ्यांना माहीत असायचं. तो भिंतीवर जाणार होता आणि त्याला हार घातला जाणार होता. त्या फोटोत कोण हसेल? शिवाय फोटो काढला की आयुष्य कमी होतं ही भीती होतीच. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छायाचित्रणाचा धंदा करत होते, तेव्हा त्यांनाही या समजुतीचा त्रास झाला.

म्हणूनच १९०४च्या सुमारास चीनमध्ये बर्थोल्ड लाउफर या अभ्यासकाच्या मोहिमेत काढलेला एक फोटो पाहिला की जीव सुखावतो. एक माणूस समोर भाताचा वाडगा घेऊन बसलाय आणि तोंडभरून हसतोय. त्या काळातले शेकडो गंभीर चेहरे बघून झाल्यावर तो समोर आला की वाटतं, हा आत्ता आपल्याशीच काहीतरी बोलणार आहे.

काळं कुंकू, उलटी नथ

हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण तो आपल्या घरातल्या फोटोंना थेट लागू पडतो.

जुन्या प्लेटला सगळे रंग दिसत नसत. तिला मुख्यतः निळा आणि जांभळा प्रकाश कळायचा. लाल तर तिच्या लेखी अंधारच. (म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा.) १८७३ साली हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला दिसलं की प्लेटमध्ये ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवाही दिसायला लागतो. लालही नीट दिसणाऱ्या प्लेट बाजारात यायला विसावं शतक उजाडलं, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं साध्या कॅमेऱ्यांत लाल न दिसणारी फिल्मच वापरात होती.

आता हे ध्यानात ठेवून पणजीचा फोटो बघा. कपाळावर काळं कुंकू. लाल शालू काळाकुट्ट, जणू लग्नात काळं नेसली होती. हळद लागलेले गाल सावळे. जेवणानंतर पान खाऊन फोटोला बसलेल्या आजोबांचे ओठ काळे. आकाश मात्र पांढरं फटक, त्यात एक ढग नाही, कारण आकाशाचा निळा आणि ढगाचा पांढरा प्लेटला सारखेच लख्ख वाटायचे. निळ्या डोळ्यांच्या युरोपियन माणसांची बुबुळं तर जवळजवळ पांढरी होऊन जात आणि ती माणसं झपाटल्यासारखी दिसत. आमच्या एका चुलत पणजीबद्दल घरात पक्कं मत होतं की ती फार काळी होती. फोटोवरून तसं म्हणता येत नाही. ती हळदीत होती.

दुसरी गोष्ट उजव्या-डाव्याची. दागेर यांच्या पत्र्यावरचे आणि पुढे जत्रा-बाजारात स्वस्तात मिळू लागलेले लोखंडी पत्र्यावरचे फोटो आरशासारखे उलटे असायचे, कारण मधे निगेटिव्ह नव्हती. कॅमेऱ्यात जो पत्रा घातला तोच गिऱ्हाइकाच्या हातात. अमेरिकेतला कुप्रसिद्ध दरोडेखोर बिली द किड याचा असाच एक फोटो होता. त्यात पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं, म्हणून तो डावरा होता असं लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले. मग कुणीतरी त्याच्या हातातल्या बंदुकीकडे नीट पाहिलं. गोळ्या भरायची खिडकी भलत्याच बाजूला होती. फोटो उलटा होता, बिली उजव्या हाताचा.

आपल्याकडे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे नथ. नथ डाव्या नाकपुडीत. फोटोत ती बाईच्या उजव्या नाकपुडीत दिसली, आणि शेजारच्या पुरुषाच्या कोटाची बटणंही भलत्या बाजूला असली, तर छापताना कुणीतरी निगेटिव्ह उलटी धरली होती. मागे पाटी असेल तर प्रश्नच मिटला.

आता मुद्दाम केलेले विनोद

फोटोची कला जेमतेम वर्षाची असतानाच तिच्यात पहिला थट्टेचा फोटो निघाला. इपोलित बायार या फ्रेंच माणसाने कागदावर फोटो उमटवायची स्वतःची पद्धत शोधली होती. सरकारने मान आणि मानधन दिलं दागेर यांना. मग १८४०मध्ये बायार यांनी उघड्या अंगाने, डोळे मिटून, भिंतीला टेकून स्वतःचा फोटो काढला, आणि मागे लिहिलं की हे बायारचं प्रेत आहे, सरकारने दागेरला सगळं दिलं आणि बायारला काहीच नाही, म्हणून त्या बिचाऱ्याने पाण्यात जीव दिला. फोटोत त्यांचा चेहरा आणि हात उन्हाने रापलेले, बाकीचं अंग गोरं. त्याचाही उपयोग त्यांनी करून घेतला: बघा, चेहरा आणि हात सडायलाही लागले! यातली कारागिरी बघण्यासारखी आहे. इतका वेळ डोळे उघडे धरून बसणं कठीण, म्हणून मेलेल्याचं सोंगच सगळ्यांत सोयीचं. दुखावलेल्या माणसाने कॅमेऱ्याची अडचण हीच आपली युक्ती केली.

एकाच माणसाला एका फोटोत दोनदा आणायची युक्तीही जुनी. भिंगाच्या अर्ध्या भागावर झाकण लावायचं, माणसाला एका बाजूला बसवून फोटो घ्यायचा, मग प्लेट न हलवता झाकण दुसऱ्या अर्ध्यावर फिरवायचं आणि तोच माणूस दुसऱ्या बाजूला. १८९०च्या सुमारास मोरिस गिबेर यांनी चित्रकार तूलूझ-लोत्रेक यांचा असाच दुहेरी फोटो केला. एक लोत्रेक चित्र काढतोय आणि दुसरा लोत्रेक त्याच्यासमोर मॉडेल म्हणून बसलाय.

याहून सोपा प्रकार आरशांचा, आणि तो घरी करून बघता येतो. दोन आरसे पुस्तकासारखे एकमेकांना जोडून ७२ अंशांत उघडे ठेवायचे. वर्तुळाचे ३६० अंश भागिले ७२ म्हणजे पाच. मधे ठेवलेली वस्तू एक आणि तिची प्रतिबिंबं चार. स्टुडिओत माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून या आरशांसमोर बसायचा आणि फोटोत एका टेबलाभोवती तोच पाचदा बसलेला दिसायचा, जणू स्वतःशीच पत्ते खेळतोय. मार्सेल द्युशां या कलावंताचा १९१७चा न्यूयॉर्कमधला असा फोटो प्रसिद्ध आहे. मुलांना गणितातले कोन शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या हॅरी पॉइंटर यांनी १८७०च्या दशकात मांजरांचे फोटो काढायला सुरुवात केली. चहा पिणारी मांजर, चाकाच्या गाडीवर बसलेली मांजर. सुरुवातीला ते साधेच फोटो होते. मग पॉइंटर यांच्या लक्षात आलं की खाली एखादी गमतीची ओळ लिहिली की फोटो जास्त खपतो. आज सकाळी तुमच्या फोनवर जे मांजर आलं असेल, त्याचं घराणं इथवर मागे जातं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या डब्ल्यू. एच. मार्टिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोटो कापून, चिकटवून, त्यांचा पुन्हा फोटो घेऊन पोस्टकार्डं बनवली: गाडीभर पसरलेलं एकच कणीस, घोड्याएवढा ससा. पीक बेताचं असलेल्या भागात ही कार्डं तडाखेबंद खपली, हे मला फार बोलकं वाटतं.

आणि मुलींनी केलेली एक थट्टा मोठ्यांच्या हाताबाहेर गेली. १९१७ साली यॉर्कशरमधल्या कॉटिंग्ली गावात सोळा आणि नऊ वर्षांच्या दोन मावस बहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. पऱ्या पुस्तकातल्या चित्रांवरून काढून कापलेल्या कागदाच्या, टोपीच्या पिनांनी उभ्या केलेल्या. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी १९२०मध्ये ते खरे म्हणून जाहीर केले. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडघशी कसं पाडायचं, म्हणून मुली गप्प राहिल्या, त्या थेट १९८३पर्यंत. तेव्हा त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या.

भारतातही मुद्दाम केलेल्या खेळाला तोटा नव्हता. त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य यांना छायाचित्रणाचं वेड होतं. १८८०च्या सुमारास त्यांनी राणीला जवळ घेऊन स्वतःच फोटो काढला. त्यांच्या हातात झडप उघडणारी लांब दांडी आहे. सगळं जग दरबारी पोशाखात ताठ बसत असताना ही दोघं एकमेकांना बिलगून बसली आहेत, कारण बघायला तिसरं कुणी खोलीतच नव्हतं. हा फोटो पाहून मला दरवेळी आनंद होतो.

आणि आपल्या जत्रा! पुठ्ठ्याचं विमान, त्याच्या खिडकीतून डोकावणारं अख्खं कुटुंब, लाकडी मोटारसायकलवर बसलेला शेतकरी, पडद्यावरच्या ताजमहालापुढे हाताला हात लावून उभं असलेलं नवं जोडपं. चेहऱ्यासाठी भोक ठेवलेले विनोदी पुठ्ठे अमेरिकेतल्या कॅशियस कूलिज या चित्रकाराने १८७४मध्ये पेटंट करून घेतले होते. जत्रेतल्या विमानाला मात्र मी नुसता विनोद म्हणणार नाही. विमानात बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बघा, तिथे थट्टा नसते. तो खरोखर निघालेला असतो.

बटण सगळ्यांच्या हाती आलं तेव्हा

१८८८मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा आणला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोल. शंभर झाले की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा, ते फोटो धुऊन नवा रोल भरून परत देत. १९००मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला आणि मुलांच्या हातातही कॅमेरा गेला. इथून फोटोत अपघात शिरले: पळणारं कुत्रं, जांभई, मधेच आलेलं बोट, शिंकणारे मामा. ज्या क्षणांसाठी पूर्वी कुणी प्लेट खर्च केली नसती, ते आता उमटायला लागले.

फ्रान्समध्ये जाक-ऑन्री लार्तीग नावाच्या श्रीमंत घरातल्या मुलाला लहानपणीच कॅमेरा मिळाला. १९०५मध्ये, अकरा वर्षांचा असताना, त्याने जिन्यावरून उडी मारणाऱ्या नात्यातल्या बहिणीचा फोटो काढला. परकर फुललेला, पाय अधांतरी. पुढे काही वर्षांनी त्याने शर्यतीतल्या मोटारीचा फोटो घेतला. तो फसला असं समजून बाजूला ठेवला गेला, आणि आज तोच सगळ्यांत प्रसिद्ध आहे. मोटारीचं चाक लांबट होऊन पुढे झुकलंय आणि मागचे प्रेक्षक उलट दिशेला कलले आहेत.

असं का झालं? त्याच्या कॅमेऱ्याची झडप म्हणजे एका पडद्यातली फट होती. ती प्लेटवरून सरकत जायची. त्यामुळे चाकाचा खालचा भाग आधी उमटला आणि वरचा नंतर. मधल्या वेळात मोटार पुढे गेली, म्हणून चाकाचा वरचा भाग पुढे. प्रेक्षक तर उभेच होते, मग ते का झुकले? लार्तीग मोटारीबरोबर कॅमेरा फिरवत होता. कॅमेरा उजवीकडे फिरला की स्थिर माणूस चौकटीत डावीकडे सरकतो. तुमच्या फोनमध्येही फोटो ओळीओळीने उमटतो. फिरत्या पंख्याचा फोटो घ्या, पाती वाकडी दिसतील. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चाकाचंच ते भावंड.

याच सरकण्याचा फायदा शाळेतल्या पोरांनीही घेतला. १९०४पासून सर्कट नावाचा कॅमेरा मिळू लागला. तो स्वतःभोवती हळूहळू फिरत लांबच लांब समूहाचा फोटो घ्यायचा. एका टोकाला उभं राहायचं, कॅमेरा आपल्यावरून पुढे सरकला की रांगेमागून जिवाच्या आकांताने धावायचं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं. अशा जुन्या फोटोंत एकच मुलगा दोन्ही टोकांना सापडतो. उजवीकडचा धापा टाकतोय का ते बघा.

स्वस्त कॅमेऱ्याबरोबर एक सूचना यायची: सूर्य आपल्या पाठीमागे ठेवा. फिल्म मंद होती, ऊन भरपूर लागे. त्या एका सूचनेने जगभरच्या घरगुती फोटोंत दोन गोष्टी कायमच्या आणल्या. समोरची माणसं डोळे किलकिले करून उभी, आणि जमिनीवर फोटो काढणाऱ्याची लांब सावली.

विनोदासाठी घाम गाळणारेही होतेच. १९४८मध्ये छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांनी चित्रकार साल्वादोर दाली यांना हवेत उडी मारायला लावली, त्याच क्षणी मदतनीसांनी तीन मांजरं आणि बादलीभर पाणी फेकलं, आणि हाल्समन यांच्या पत्नीने खुर्ची उचलून धरली. अठ्ठावीस प्रयत्न लागले, दरवेळी फरशी पुसायची आणि मांजरं पकडायची. आणि काही विनोद केवळ डोळे उघडे ठेवून मिळतात. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९५४मध्ये पालम विमानतळावर पंडित नेहरू बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट बघत उभे होते. शेजारी पाटी: छायाचित्रणास सक्त मनाई. होमाईबाईंनी नेहरू आणि पाटी दोन्ही एका चौकटीत घेतले.

जाता जाता एका फसव्या फोटोबद्दल. १९४१चा कॅनडातला, पुलाच्या उद्घाटनाचा एक फोटो 'भविष्यातून आलेला माणूस' म्हणून फिरतो. काळा चष्मा, अंगात छापील वाटणारा शर्ट, हातात छोटा कॅमेरा. चष्मे तेव्हा मिळत होते, शर्टावरची नक्षी म्हणजे स्वेटरला शिवलेलं चिन्ह आहे, आणि घडीचे छोटे कॅमेरे तर कधीचेच होते. तो फक्त गर्दीतल्या इतरांपेक्षा वेगळे कपडे घालून आला होता. असा एक जण प्रत्येक गावात असतो.

काकांचा फोटो

आता डोक्यांकडे येते. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी एक आणि फोटो घेणारं भिंग दुसरं, खिडकीच्या चारपाच सेंटिमीटर खाली. म्हणजे काका जे बघत होते तेच कॅमेरा बघत नव्हता. एवढ्याने फार तर अंबाडा कापला जाईल. खरा घात बटणाने होतो. बऱ्याच कॅमेऱ्यांची कळ जड असायची आणि ती खाली दाबावी लागे. दाबताना हात नकळत खाली जातो. माणसं तीन मीटरवर असतील आणि कॅमेरा फक्त चार अंश खाली झुकला, तर चौकट जवळजवळ एकवीस सेंटिमीटर खाली घसरते. हनुवटीपासून टाळूपर्यंत मोजून बघा. नेमकं एक डोकं.

खिडकीतून काकांना चौघांचे चेहरे पूर्ण दिसत होते. ते त्यांनी नीट बसवलेही होते. मी हे गणित कागदावर मांडून आत्याला दाखवलं. त्या चौघांपैकी आता ती एकटीच आहे. तिने कागद बाजूला ठेवला आणि फोटो हातात घेतला. काठावरून आजीची नऊवारी ओळखली, चपलेच्या अंगठ्यावरून थोरली आत्या, छत्रीवरून स्वतःला. मग तिचं बोट खाली, फोटोच्या कडेशी गेलं. कॅमेरा खाली झुकल्यामुळे चौघांच्या पायापुढची जमीन चौकटीत आली होती, आणि तिथे उतरत्या उन्हात एक लांब सावली पडली होती. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, हात डोळ्यांपाशी, वर टोपी.

"हा बघ अण्णा," ती म्हणाली. "त्याचं डोकं आलंय."